परवान्याची बंदूक, बिनपरवान्याचा कट्टा : शस्त्रकायदा कुठवर आला?

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या गावात बंदुकीचा विषय निघतो तो दोन वाटांनी. सोयाबीन उगवून वर आले की रोह्यांचे कळप शिवारात उतरतात, पीक भरात आले की रानडुकरे येतात. मग जागलीला जाणारी माणसे म्हणतात, घरात एक परवान्याची बंदूक असती तर बरे झाले असते. दुसरी वाट वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरून येते : स्थानिक गुन्हे शाखेने सापळा रचला, एक देशी कट्टा, दोन जिवंत काडतुसे, आरोपी ताब्यात. या दोन बंदुकांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी दोन्हींना लागू होणारा कायदा एकच आहे, शस्त्र अधिनियम, १९५९. या कायद्यात गेल्या काही वर्षांत काय बदलले, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, याचा हा आढावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. कट्ट्याने खून झाला की विधानसभेत ‘कडक कायदा करा’ अशी मागणी होते. पण शस्त्रे, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. शस्त्रकायद्याचे कलम बदलणे मुंबई-नागपूरच्या हातात नाही. राज्याकडे पोलीस आहेत, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परवाने देणे-काढणे आहे आणि संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ चा मकोका आहे. त्यामुळे आपल्याकडच्या चर्चेतून कायदा क्वचितच निघतो. निघतात ती परिपत्रके.

१८७८ ते १९४८

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे झाले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा, दुसरा शस्त्रांचा. शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला मनाई केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि हा कायदा आपल्याकडे कशासाठी आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. सुरुवातीच्या काँग्रेस अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी वर्णभेद काढला, परवाना मात्र कायम राहिला.

आज नवल वाटेल, पण शस्त्रांचा हक्क ही राष्ट्रीय चळवळीची उघड मागणी होती. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी आयर्विनसमोर ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठाच्या कराबरोबर, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत, ही मागणीही होती. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांतही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग तो घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. कामत मध्यप्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी होते, म्हणजे वाशिमचा हा मुलूख तेव्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांताचे. त्यांचा आधार कराचीचा ठराव होता. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. परक्या सत्तेने लोकांना निःशस्त्र केले होते तेव्हाची मागणी वेगळी होती. आता हा हक्क मूलभूत म्हणून सरसकट दिला, तर दरोडेखोरीवर जगणाऱ्यालाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य तेवढे घटनेत राहिले. अमेरिकेतला बंदुकीचा वाद घटनेच्या पातळीवर होतो आणि आपला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत होतो, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

१९५९ : सैल करण्यासाठी केलेला कायदा

१९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचा मूळ हेतू जाच वाढवण्याचा नव्हता. वसाहती कायद्याचा फास सैल करून सरळमार्गी नागरिकाला परवाना सुलभ व्हावा, हे त्याच्या उद्देशपत्रिकेतच लिहिलेले आहे.

त्यातली दोन-तीन कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. कलम १३(३) नुसार संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर नाकारण्याचे कायदेशीर कारण नसल्यास परवाना द्यायचा आहे. ठासणीची पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ म्हणते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. दीड एकरवाल्याने हे कलम पाठ करून ठेवायला हरकत नाही.

हत्याराच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. काठी हे तर कायद्यानेच दिलेले उदाहरण. विळा, कुऱ्हाड, उसाचा कोयता याच आधारावर निर्धास्त घरात असतात. तलवारीने केक कापून त्याचे चित्रण मोबाइलवर फिरवणारा मात्र ‘४/२५’ मध्ये अडकतो, म्हणजे कलम ४ आणि कलम २५. कलम ४ तेव्हाच चालते जेव्हा त्या क्षेत्रासाठी अधिसूचना निघालेली असते. न्यायालयात ती दाखवता आली नाही की खटला ढिला पडतो. महाराष्ट्रातल्या शस्त्रकायद्याच्या बातम्यांत अशा धारदार हत्यारांचा भरणा मोठा असतो. ‘शस्त्रकायद्याखाली गुन्हे वाढले’ हे वाक्य वाचताना म्हणूनच बंदुका किती आणि तलवारी-कोयते किती, हे आधी विचारावे.

कडक होत गेलेली कलमे

ऐंशीच्या दशकात पंजाब पेटला आणि कायद्याची दिशा उलटली. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनपेक्षा जास्त बंदुका नकोत, अशी मर्यादा आली. १९८५ मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये शिक्षा वाढल्या. १९८८ च्या दुरुस्तीत प्रतिबंधित हत्याराने मृत्यू घडवल्यास फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असे कलम २७(३) आले. ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात घटनाबाह्य ठरवले. न्यायाधीशाला शिक्षेची निवडच न ठेवणारा कायदा न्याय्य असू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व.

महाराष्ट्राला हा कायदा खऱ्या अर्थाने कळला तो १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यातून. अभिनेता संजय दत्त यांच्यावरचा टाडाचा आरोप टिकला नाही. शस्त्रकायद्याखाली मात्र ते दोषी ठरले. विशेष न्यायालयाने २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणली. प्रतिबंधित हत्यारासाठी तेव्हा पाच वर्षे ही किमान शिक्षा होती, त्याखाली जाणे शक्य नव्हते. किमान शिक्षा म्हणजे काय, हे घराघरात पोचले ते या निकालाने.

प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित हा भेदही इथे समजून घ्यावा. .३०३ रायफल, ९ मिमी पिस्तूल ही प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, त्यांचा परवाना दिल्लीचे गृह मंत्रालयच देऊ शकते. बारा बोअरची बंदूक, .३१५ रायफल, .३२ रिव्हॉल्व्हर ही अप्रतिबंधित. त्यांचा परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त देतात.

२०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. त्यांनी शिक्षेला हात लावला नाही, पण कागदपत्रांची सगळी रीत बदलली. परवान्याला राष्ट्रीय माहितीकोशातला एकमेव क्रमांक, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, हत्यार ठेवण्याच्या जागेच्या अटी, पोलिसांच्या अहवालाला मुदत. दुसऱ्याच वर्षी खासगी कारखान्यांना शस्त्रनिर्मितीचे परवाने सोपे करण्यात आले. बनवणाऱ्याला मोकळीक आणि बाळगणाऱ्याला आवळणी, असे हे एकाच मंत्रालयाचे दोन हात.

२०१९ ची दुरुस्ती

सध्याच्या वादाचा गाभा ही दुरुस्ती आहे. गृहमंत्री अमित शहा यांनी २९ नोव्हेंबर २०१९ ला विधेयक लोकसभेत मांडले, ९ डिसेंबरला तिथे आणि १० डिसेंबरला राज्यसभेत ते मंजूर झाले. १४ डिसेंबरपासून कायदा लागू. साठ वर्षांच्या कायद्यातला सर्वांत मोठा बदल पंधरा दिवसांत पार पडला.

मूळ विधेयकात एका माणसाला एकच बंदूक ठेवण्याचा प्रस्ताव होता. वारशाने आलेल्या बंदुकांचे काय, नेमबाजांचे काय, दूर शेतवस्तीवर राहणाऱ्यांचे काय, असे प्रश्न पुढे आले. शेवटी आकडा दोनवर ठरला. तिसरी बंदूक असलेल्यांनी वर्षभरात ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. नेमबाजांना वेगळी सवलत आहे. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. परवानाधारकाच्या दृष्टीने एवढीच काय ती दिलासा देणारी तरतूद.

शिक्षेच्या बाजूला बदल मोठे आहेत. बेकायदा शस्त्रनिर्मिती व विक्रीला आधी तीन ते सात वर्षे होती, आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. प्रतिबंधित हत्यार बाळगल्यास पाच ते दहा वर्षे होती, ती सात ते चौदा झाली. विनापरवाना साधी बंदूक, म्हणजे आपल्या बातम्यांतला ‘३/२५’, एक ते तीन वर्षांवरून दोन ते पाच वर्षांवर गेला. काही गुन्हे नव्याने आले : पोलिसांचे किंवा सैन्याचे हत्यार हिसकावणे, संघटित टोळीसाठी शस्त्र वापरणे, शस्त्रांची तस्करी. या तिन्हींना दहा वर्षे ते जन्मठेप. लग्नात, मिरवणुकीत निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारखान्यापासून ग्राहकापर्यंत प्रत्येक बंदूक-काडतुसाचा माग ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकारही केंद्राला मिळाला.

या विधेयकाच्या वेळी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०१७ चे आकडे चर्चेत होते. त्या वर्षी देशभर ६३,२१९ बंदुका जप्त झाल्या, त्यांतल्या परवान्याच्या फक्त ३,५२५, म्हणजे साडेपाच टक्के. बंदुकीच्या वापराच्या ३६,२९२ गुन्ह्यांत परवान्याची बंदूक होती ती ४१९ मध्ये. दोनाची मर्यादा ज्यांना लागू होते आणि गुन्हा जे करतात, ही माणसे बहुतांशी वेगळी आहेत, एवढे या आकड्यांवरून म्हणता येते. मर्यादा चुकीची होती असे मात्र त्यांवरून सिद्ध होत नाही. परवान्याची बंदूक किती वेळा धाक दाखवायला काढली गेली, हे जप्तीच्या आकड्यात येत नसते.

कोण काय म्हणते

परवाने आवळा म्हणणाऱ्यांचे पहिले बोट ओळखीच्या घटनांकडे असते. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या भावाने झाडलेल्या गोळ्या परवान्याच्या पिस्तुलातल्या होत्या. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच आमदार गणपत गायकवाड यांनी गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. तेही हत्यार परवान्याचे असल्याचे तपासात सांगितले गेले. सहाच दिवसांनी दहिसर भागात अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा हल्लेखोराने अंगरक्षकाच्या परवान्याचे पिस्तूल वापरल्याचे पुढे आले. या बाजूचा युक्तिवाद असा : रागाच्या भरात हात जाईल एवढ्या अंतरावर बंदूक असणे हाच धोका आहे, आणि परवान्यावर मिळालेली काडतुसे पुढे कट्टेवाल्यांपर्यंत झिरपतात. शस्त्रनियंत्रणासाठी काम करणाऱ्या संघटना आणि बरेच पोलीस अधिकारी या मताचे आहेत.

बीडने या बाजूला आणखी बळ दिले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अमानुष खून झाला. खून बंदुकीने झाला नव्हता. पण त्या निमित्ताने एकट्या बीड जिल्ह्यात हजारावर परवाने असल्याचे आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती फिरत असल्याचे समोर आले. प्रशासनाने परवान्यांची छाननी केली, अनेक निलंबित किंवा रद्द झाले. केंद्राच्या नोंदीत २०१६ अखेर सबंध महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार परवाने होते, उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख. त्या तुलनेत आपले राज्य निवांत वाटते. मात्र बीडचा मुद्दा संख्येचा नव्हताच. गुन्हे दाखल असलेल्यांना परवाना कोणत्या शिफारशीवर मिळाला, हा होता. आणि त्यासाठी नवे कलम लागत नाही. १९५९ च्याच कायद्याचे कलम १४ आणि १७ वापरावे लागते.

दुसरी बाजू परवानाधारकांची. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे म्हणणे असे की सरकार ज्याचे नाव-पत्ता नोंदीत आहे त्यालाच दरवेळी पकडते, कारण तो सापडतो. पोलीस ठाणे वीस किलोमीटरवर असलेल्या माणसाने दरोडा पडताना काय करावे, याला कायद्याकडे उत्तर नाही. पोलीस अहवाल मुदतीत न आल्यास अहवालाविनाही निर्णय घेण्याची मुभा कायद्यात आहे. प्रत्यक्षात फाइल महिनोन् महिने पडून राहते. ज्याला ओळख आहे त्याचे काम होते आणि ज्याला गरज आहे त्याचे नाही, ही या बाजूची सर्वांत वजनदार तक्रार आहे. गंमत अशी की बीडच्या टीकाकारांचीही नेमकी हीच तक्रार आहे.

तिसरा गट फौजदारी वकिलांचा आणि काही निवृत्त न्यायाधीशांचा. शिक्षा वाढवून गुन्हा थांबत नाही, शिक्षा होण्याची खात्री वाढवावी लागते, हे त्यांचे सूत्र. ३/२५ चा खटला कुठे मोडतो ते पाहिले की यात तथ्य वाटते. कलम ३९ नुसार खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी हवी. ती विचार न करता छापील दिली असेल तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. जप्तीचे पंच फितूर होतात. कट्टा गोळी झाडण्याच्या स्थितीत होता, हा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि मुद्देमालावरची मोहोर तेव्हा शाबूत असावी लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचेच घ्या. देशी पिस्तूल, २० ऑगस्ट २०१३ ची सकाळ, आणि विशेष न्यायालयाचा निकाल मे २०२४ मध्ये : दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. जवळजवळ अकरा वर्षे. त्या पिस्तुलाचा शोध खाडीच्या तळापर्यंत घेतला गेला होता.

चौथा मुद्दा मांडणारे थोडे आहेत, तो म्हणजे कट्टा येतो कुठून. खानदेश-वऱ्हाडच्या पोलिसांना ही नावे तोंडपाठ आहेत : बडवानी जिल्ह्यातले उमर्टी, बऱ्हाणपूर जिल्ह्यातले पाचोरी, खरगोनकडची काही गावे. चोपड्याहून किंवा जळगाव जामोदकडून सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तिथल्या सिकलगर कुटुंबांकडे लोहारकामाची जुनी विद्या आहे. गाडीच्या स्टिअरिंगचा पाइप, एक भाता, कानस आणि हात यांवर पिस्तूल तयार होते. छापे पडतात, भट्ट्या मोडल्या जातात, छाप्याला गेलेल्या पोलिसांवर हल्लेही झाले आहेत. काही महिन्यांत भट्टी पुन्हा पेटते. सगळ्या समाजावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे, त्यांच्यातले अनेक जण दुसरे धंदे करतात. पण पर्यायी रोजगाराचे काम दोन राज्यांनी मिळून करायचे आहे, आणि जन्मठेपेची तरतूद त्या भट्टीपर्यंत पोचत नाही. पकडला जातो तो बहुधा कट्टा वाहून नेणारा पोरगा.

परदेशांची उदाहरणे या वादात फार दिली जातात. स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. पोर्ट आर्थरच्या घटनेनंतर ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये लाखो बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. अमेरिकेत जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बरोबर बाळगण्याचा हक्क रुंद केला आणि दोनच दिवसांनी बंदूक खरेदीची छाननी कडक करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. या देशांत प्रश्न होता तो कारखान्यात बनून दुकानातून विकल्या गेलेल्या बंदुकांचा. आपल्याकडे बहुसंख्य बंदुकांना दुकानच नाही. म्हणून तिकडचा उपाय जसाच्या तसा इकडे लावता येत नाही.

शिवारातली बंदूक

पीकसंरक्षणाचा परवाना या सगळ्या चर्चेत तळाला जातो. खेड्यात शस्त्रकायद्याचा अर्थ मात्र बहुतेकांना तोच असतो. अर्ज, सातबारा, पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वाशिमला चकरा. एवढे करून परवाना हातात पडला तरी काम अर्धेच झालेले असते. रोही आणि रानडुक्कर दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. बंदुकीचा परवाना महसूल-पोलिसांकडून, मारण्याची परवानगी वनखात्याकडून. राज्य सरकारने २०१५ मध्ये या दोन प्राण्यांबाबतची परवानगी सुटसुटीत केली, पण बंदूकच नसलेल्याला त्या परवानगीचा उपयोग काय? अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना शस्त्रांची वेगळी नोंदणी करावी लागते आणि नव्या परवान्याला वन्यजीव विभागाची संमती लागते. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याभोवतालच्या गावांना हे ठाऊक आहे.

बंदूक दिल्याने पीक वाचते का, यावरही एकमत नाही. ठासणीच्या बंदुकीने रोही मरत नाही, जखमी होतो. छर्रे लागलेले डुक्कर माणसावर उलटते. जागलीवरच्या अंधारात झाडलेली गोळी शेजारच्या मचाणावरच्या माणसाला लागणार नाही, याची हमी कोण देणार? वन्यजीवप्रेमींचा आक्षेप तर मुळातच आहे, की पीकसंरक्षणाच्या नावावर शिकार होते. उलट शेतकरी म्हणतात, सोलरचे झटका मशीन, सुतळी बॉम्ब, रात्रभर चालणारा भोंगा हे सगळे करून झाले. प्राणी आठ दिवसांत सरावतात. नुकसानभरपाई आहे, पण पंचनामा होईपर्यंत पीक वाळून जाते. भाडोत्री नेमबाजांचा मार्गही वादातीत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ वाघीण मारली गेली, तेव्हा व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने इतर त्रुटींबरोबर शस्त्रकायद्याच्या भंगाचाही ठपका ठेवला होता.

पीकसंरक्षणवाल्याची आणखी एक अडचण निवडणुकीत उभी राहते. आचारसंहिता लागली की सगळ्या परवान्याच्या बंदुका जमा करा, असा हुकूम पूर्वी सरसकट निघे. ऐन पिकात बंदूक पोलीस ठाण्यात. गोव्यातील याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने २००९ मध्ये असा सरसकट हुकूम बेकायदा ठरवला. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, असे ठरले आणि निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याप्रमाणे आल्या. तरी सरसकट हुकुमाच्या तक्रारी कोकणापासून इकडपर्यंत अधूनमधून येतच असतात. समिती बसवण्यापेक्षा सगळ्यांच्या जमा करून घेणे पोलिसांना सोपे पडते.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. ही सूट भेदभावाची आहे अशी याचिका झाली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सूट वैध ठरवली. वऱ्हाडासाठी तसे काही व्हावे, अशी मागणी करण्यात फारसा अर्थ नाही. त्या सवलतीला इतिहासाचा वेगळा आधार आहे. एका समूहासाठी वेगळी वाट काढणे केंद्राला कायद्यात बसवता येते, इतकेच त्यावरून दिसते. नेमबाजांसाठी ती काढलीच आहे. शेतकऱ्यासाठी कलम १३(३) हीच काय ती वाट, आणि ती १९५९ पासून आहे तशीच आहे.

काय उरले आहे

फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना बंदुकांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र हा घटनादत्त हक्क नाही, असे नोंदवून सर्व राज्यांकडून माहिती मागवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, तीत गृह व विधी सचिव, पोलीस महासंचालक आणि बंदुकांचा तज्ज्ञ असावा आणि तिने कृती आराखडा द्यावा, असा आदेश झाला. शस्त्रकायदा सध्या पुढे सरकतो आहे तो या मार्गाने. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर असल्या आराखड्यात मध्य प्रदेशच्या सीमेचे काय करायचे, हे आले नाही तर बाकीची पाने वाचण्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीचे कलम १११ आले आहे. शस्त्रकायद्यात २०१९ पासून तोच विषय आहे, महाराष्ट्रात मकोका आहेच. एकाच टोळीला तीन कायदे लागू होतात तेव्हा तपास अधिकारी कोणता निवडतो आणि कशावर, याचे निकष न्यायालयांतून ठरायचे आहेत. तीन कायद्यांत जामिनाच्या अटी सारख्या नाहीत, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

काडतुसांचा मागही बाकी आहे. कट्टा भट्टीत बनतो, काडतूस सहसा बनत नाही; ते कुठल्या तरी कारखान्यातून, कुणाच्या तरी परवान्यावर निघालेले असते. २०१९ च्या दुरुस्तीने माग ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला तो याचसाठी. परवानाधारक विकत घेतलेली काडतुसे परवान्यावर नोंदवतो, विक्रेता आपल्या वहीत लिहितो. या दोन नोंदी जुळतात का, हे तपासणारा कोणी असेल तर बेकायदा बंदुकीची निम्मी ताकद तिथेच कमी होईल, असे माझे मत आहे. त्यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही.

कलम ३९ ची पूर्वमंजुरी ठेवावी की काढावी, हा वाद तसाच आहे. पोलिसांना ती अडसर वाटते. खोट्या कट्ट्याच्या केसमध्ये अडकवले गेल्याचे सांगणाऱ्यांना ती एकमेव चाळणी वाटते. २०१९ मध्ये सरकारने त्या कलमाला हात लावला नाही. ३/२५ ची शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत गेली असल्याने ही चाळणी किती बारीक असावी, याचा निर्णय संसदेला कधीतरी घ्यावा लागेल. तोवर तो प्रत्येक जिल्ह्याचा दंडाधिकारी आपापल्या टेबलावर घेत राहील.